उसना अंगरखा : एक्सएमएमएस या मुक्त प्लेअरचा उदय आणि अस्त

१९९९ ते २००६ अशी सात वर्षे मी उल्हासनगरला, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका दुकानात संगणक जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम केले. राहायला बदलापूर पश्चिमेला, नदीच्या बाजूला. शिक्षण बारावीपर्यंतचे. संगणकाचे जे काही शिकलो ते मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्यांवर आणि गिऱ्हाइकांच्या बिघडलेल्या यंत्रांवर शिकलो. त्यामुळे या लेखात कुठे विद्यापीठी शिस्त दिसली नाही, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

उल्हासनगरविषयी मुंबईत एक जुना विनोद आहे. मालावर 'मेड इन यूएसए' असा शिक्का असतो आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा घ्यायचा. फाळणीनंतर कल्याणच्या रिकाम्या लष्करी छावणीत आणून सोडलेल्या माणसांनी हे गाव उभे केले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्याला आजचे नाव दिले, पण पत्ता सांगताना माणसे अजून 'एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर' असेच कॅम्प सांगतात. हाती काही नसताना ज्यांनी कारखानदारी उभारली त्यांच्याविषयीचा हा विनोद मला कधीच फारसा रुचला नाही. पण नक्कल हा शब्द गावाला चिकटला तो चिकटलाच. आमच्या शेठना तो झोंबायचा. ते म्हणायचे, "साईं, कॉपी तो सब करते हैं. हम बोल के करते हैं."

२००० साली 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी दुकानातल्या एका जुन्या यंत्रावर लिनक्स बसवले. त्यात गाणी वाजवणारा एक प्रोग्रॅम होता, नाव एक्सएमएमएस. उघडला आणि मी चपापलो. समोर चक्क विन्ॲम्प होता. तीच काळसर आडवी पट्टी, तेच हिरवे आकडे, तीच उड्या मारणारी रेघांची रांग. मी शेठना दाखवले. ते वाकून बघत राहिले आणि हसून म्हणाले, "ये तो अपने गाँव का माल लगता है."

हा लेख त्या नकलेविषयी आहे. तिच्यामुळे हा प्लेअर जगभर गेला आणि पुढे तीच त्याला जड झाली, असे माझे मत बनले आहे. ते कसे बनले हे सांगताना माझ्या घरातली एक गोष्टही सांगावी लागेल.

आधी मूळ मालाविषयी. ध्वनी दाबून लहान करण्याची एमपी३ ही पद्धत मुख्यतः जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत विकसित झाली. साध्या हिशेबात सांगायचे तर सीडीच्या दर्जाच्या एक मिनिट संगीताला सुमारे दहा एमबी जागा लागते. १२८ केबीपीएसच्या एमपी३ ला सुमारे एक एमबी पुरते. म्हणजे ज्या तबकडीवर पूर्वी तासा-सव्वा तासाचे संगीत मावायचे, तीवर दहा-अकरा तासांचे मावू लागले. १९९९-२००० च्या सुमारास आमच्या भागात दीडदोनशे गाण्यांच्या एमपी३ सीड्या रस्त्यावर मिळू लागल्या त्या यामुळे. त्या कायदेशीर नव्हत्या, हे विकणाऱ्याला ठाऊक होते, घेणाऱ्याला ठाऊक होते आणि माझ्यासारख्या वाजवून देणाऱ्यालाही.

विन्ॲम्प आला एप्रिल १९९७ मध्ये. तो अमेरिकेतल्या जस्टिन फ्रँकेल या तरुणाच्या नलसॉफ्टचा. पण गंमत अशी, की त्याच्या पोटातले इंजिनही दुसऱ्याचे होते. एमपी३ उलगडण्याचे काम करणारा 'अँप' हा भाग क्रोएशियाच्या तोमिस्लाव्ह उझेलाचने लिहिलेला, आणि विन्ॲम्प या नावातला 'अँप' तोच. म्हणजे ज्याची नक्कल झाली म्हणून मी चपापलो, त्याचे घरही उसन्या चुलीवरच चालू झाले होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मिकाएल आल्म आणि पीटर आल्म या दोघा स्वीडिश प्रोग्रॅमरांनी लिनक्स व युनिक्ससाठी 'एक्स११अँप' नावाचा प्लेअर काढला. तो विन्ॲम्पसारखा दिसावा हे उघडच ठरवलेले होते. पहिल्या आवृत्तीबरोबर सोर्स कोड दिलेला नव्हता. थोड्याच काळात तो जीपीएल परवान्याखाली खुला झाला. इथेही चूल उसनीच होती. एमपी३ उलगडण्याचा भाग मायकेल हिपच्या 'एमपीजी१२३' या प्रोग्रॅममधून घेतला होता. मात्र हा कोड जीपीएलखाली होता आणि प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर लिहिणाऱ्यांची नावे होती : पीटर आल्म, मिकाएल आल्म, ओले हेल्नास, थॉमस निल्सन आणि फोरफ्रंट टेक्नॉलॉजीज. शेठच्या भाषेत 'बोल के कॉपी' म्हणतात ती हीच. मूळ कोणाचे ते सांगा, पुढच्याला तेवढाच हक्क द्या, मग हवे तेवढे घ्या. मी त्या फाइली पहिल्यांदा उघडल्या तेव्हा सी भाषा मला वाचता येत नव्हती. नावे मात्र वाचता आली.

यादीतले शेवटचे नाव कंपनीचे. फिनलंडच्या हन्नू साव्होलाइनेनने लिनक्ससाठी साउंड कार्ड चालवणारी 'ओपन साउंड सिस्टिम' लिहिली होती, आणि तो व देव मझुमदार यांची फोरफ्रंट ही कंपनी तिची व्यापारी आवृत्ती विकत असे. साउंड कार्डाचा सांभाळ करणाऱ्याला चांगला प्लेअर हवा असणार हे ओघानेच आले. १० जून १९९९ रोजी फोरफ्रंटने या प्लेअरला आर्थिक पाठबळ दिले आणि त्याचे नाव एक्सएमएमएस झाले. पूर्ण रूप 'एक्स मल्टिमीडिया सिस्टिम'. त्यानंतर तीनचार वर्षे लिनक्स बसवले की गाणी वाजवायला एक्सएमएमएस, हे जवळजवळ गृहीत होते.

तो एवढा का पसरला? माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे सेलेरॉन प्रोसेसर, ३२ किंवा ६४ एमबी रॅम आणि ४.३ जीबी हार्डडिस्क अशी यंत्रे यायची. त्यांच्यावर लिनक्सचा पूर्ण डेस्कटॉप कण्हतकुंथत चाले, पण एक्सएमएमएस कधी अडखळला नाही. तो अगदी लहान होता आणि बाकी सगळे जोडण्यांवर सोपवत होता. फाइल वाचायला एक जोडणी, आवाज बाहेर काढायला दुसरी, नक्षी दाखवायला तिसरी. नवा फॉरमॅट आला की कोणीतरी कुठेतरी बसून त्याची जोडणी लिहायचा आणि मूळ प्रोग्रॅमला हात लावावा लागायचा नाही. दुरुस्ती करणाऱ्याला अशी रचना लगेच पटते. जळालेले कार्ड काढायचे, दुसरे बसवायचे.

दुसरे कारण बोटांचे. कीबोर्डच्या खालच्या ओळीतल्या झेड, एक्स, सी, व्ही, बी या कळा म्हणजे मागचे गाणे, चालू, जरा थांब, बंद, पुढचे गाणे. विन्ॲम्पमध्ये हेच आणि इथेही हेच. गिऱ्हाइकाला लिनक्स दाखवले की तो बिचकायचा. त्याच्यासमोर हा प्लेअर उघडला की हात आपोआप सैल व्हायचे. विन्ॲम्पसाठी लोकांनी बनवलेले हजारो स्किन, म्हणजे वरचे पोशाख, जसेच्या तसे एक्सएमएमएसला चढायचे. उसना अंगरखा म्हणतो तो हाच.

दोष होतेच. त्या काळी बहुतेक यंत्रांत साउंड कार्ड एका वेळी एकाच प्रोग्रॅमचे ऐकायचे. ब्राउझरने ते धरून ठेवले असले की एक्सएमएमएस एक खिडकी उघडून विचारायचा : कार्ड नीट बसवले आहे का, योग्य जोडणी निवडली आहे का, दुसऱ्या कोणी कार्ड अडवून ठेवले आहे का? ही खिडकी मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिचा क्रमही पाठ आहे. आणि गाण्यांचा क्रम हा तर स्वतंत्र विषय. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये गाजलेल्या गीतरामायणाची छप्पन्न गाणी एका गिऱ्हाइकाने एमपी३ सीडीवर आणली होती. फाइलींना १, २, ३ असे आकडे होते. नावांनुसार क्रम लावला की यंत्र १, १०, ११ असे १९ पर्यंत जायचे आणि मग २ वर यायचे. पहिल्या गाण्यानंतर एकदम दहावे! त्यांनी घरी नेऊन ऐकले आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाले, "अहो, तुमचे रामायण उलटसुलट वाजते." एक ते नऊ आकड्यांच्या आधी शून्य घालून मी रामायण सरळ केले. गीतरामायण या शब्दाची रोमन स्पेलिंगे मात्र त्या एकाच सीडीवर तीन निघाली, ती तशीच राहिली.

आता घरची गोष्ट.

माझे वडील, अण्णा, अंबरनाथला विमकोच्या काडेपेटीच्या कारखान्यात होते आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवत, गातही. मंडळाने १९८८ ते १९९३ या काळात कार्तिकी-आषाढीला केलेल्या भजनांच्या बारा कॅसेटी आमच्याकडे होत्या, प्रत्येकी साठ मिनिटांच्या. टेप ताणली जाऊ लागली होती. २००२ च्या दिवाळीनंतर मी त्या संगणकावर उतरवायचे ठरवले. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर साउंड कार्डाला, एक बाजू पूर्ण वाजू द्यायची, मग दाबायची, मग मोठी फाइल पुसून डिस्क मोकळी करायची. रविवारी एक कॅसेट. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि कोण गातोय, कोणाचा मृदंग आहे ते सांगायचे. मी वहीत लिहून घ्यायचो.

नेमके त्याच वेळी माझ्या यंत्रावर रेड हॅटची ८.० ही आवृत्ती आली. ती सप्टेंबर २००२ ची. तिच्यातल्या एक्सएमएमएसला एमपी३ फाइल दिली की गाण्याऐवजी सूचना यायची : पेटंटच्या कारणाने ही सोय काढली आहे. कारण असे. एमपी३ ची पद्धत पेटंटखाली होती आणि फ्राउनहोफरच्या वतीने थॉमसन ही कंपनी परवाने देत असे. उलगडणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका प्रतीमागे पाऊण डॉलर असा दर होता. पाऊण डॉलर फार नव्हे. पण जो प्रोग्रॅम कोणीही कितीही वेळा उतरवून घेऊ शकतो आणि पुढे वाटू शकतो, त्याच्या प्रती मोजायच्या कोणी? मुक्त सॉफ्टवेअर आणि प्रतीमागे आकार या दोन गोष्टी एका ताटात जेवूच शकत नाहीत. दुसरीकडून एक लहानसे पॅकेज आणून बसवले की एमपी३ पुन्हा वाजायचे, आणि बहुतेकांनी तेच केले. मलाही ते करता आले असते.

मी केले नाही. जुलै २००२ मध्ये ओग्ग व्हॉर्बिस या फॉरमॅटची पहिली पक्की आवृत्ती आली होती. पेटंटचा आकार नाही, आवाज तेवढाच चांगला, एक्सएमएमएसमध्ये जोडणी तयार. मी तिशीत होतो आणि नव्या तत्त्वाचा उत्साह अंगात होता. अण्णांच्या बाराही कॅसेटी ओग्गमध्ये केल्या. तासाला सुमारे पन्नास एमबी, म्हणजे सगळे एका सीडीत बसले. तीन प्रती केल्या.

ओग्ग निवडण्याचे आणखी एक कारण होते आणि ते मला आजही बरोबर वाटते. गाण्याच्या फाइलीत गाण्याचे नावही लिहिलेले असते. एमपी३ मध्ये त्यासाठी जी जुनी सोय होती, ती फाइलीच्या शेवटी चिकटवलेली १२८ बाइटची चिठ्ठी. तिच्यात शीर्षकाला ३० बाइट, गायकाला ३०, अल्बमला ३०. संगीताच्या प्रकाराला एक आकडा, आणि प्रकारांची यादी ठरलेली. तिच्यात पोल्का आहे, गँग्स्टा आहे. भजन नाही, भावगीत नाही, लावणी नाही. आपले सगळे 'एथनिक' किंवा 'इतर' यांत जायचे. बरे, ३० बाइट म्हणजे इंग्रजीत ३० अक्षरे. देवनागरीचे यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना-मात्रा, पायमोड हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे. 'श्री विठ्ठल' हे दोन शब्द मोजून पाहा. श्री ची चार चिन्हे, विठ्ठल ची सहा, मधली मोकळी जागा एक बाइटची. एकूण ३१. एका बाइटने विठ्ठल बाहेर राहतो! एमपी३ च्या नंतरच्या चिठ्ठीत ही अडचण गेली, पण बाजारातली अनेक साधने जुनीच वाचत. ओग्गमध्ये मात्र नावे पहिल्यापासून यूटीएफ-८ मध्ये लिहायची असे ठरलेले होते आणि लांबीची ती अडचण नव्हती. अण्णांनी सांगितलेली नावे मी एकेक करून देवनागरीत भरली.

भरली आणि एक्सएमएमएस उघडला. यादीत डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच 'ए' आणि त्याच्या मागे अनोळखी चिन्हे, अशी ओळीच्या ओळी रांग. अण्णांनी चष्मा वर करून पाहिले. "हे काय रे लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"मग ते मला का दिसत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी दोन वर्षे गेली, आणि या प्लेअरच्या अस्ताचे कारण मला त्यातच सापडले. उत्तर दोन थरांत आहे. पहिला थर अंगरख्याचा. विन्ॲम्पच्या स्किनमध्ये मुख्य खिडकी २७५ गुणिले ११६ ठिपक्यांची, आणि तीत सरकत जाणारे गाण्याचे नाव कुठल्याही फाँटातून येत नाही. ते एका लहानशा चित्रातून कापून लावलेले असते. त्या चित्रात इंग्रजी मोठी अक्षरे, आकडे आणि थोडी विरामचिन्हे, प्रत्येकाला पाच गुणिले सहा ठिपके. त्यात 'ठ्ठ' कुठे बसवणार? एक्सएमएमएसमध्ये हे चित्र बाजूला ठेवून फाँट वापरण्याची सोय होती. पण मग दुसरा थर आडवा यायचा. पडद्यावर खिडक्या, बटणे आणि अक्षरे काढून देणारी जीटीके नावाची जी तयार पेटी त्याने वापरली होती, ती १.२ आवृत्तीची. तिला एकामागून एक अक्षरे मांडणे ठाऊक होते. जपानी, रशियन लोकांनी फाँट बदलून वेळ भागवली. देवनागरीला तेवढे पुरत नाही. 'वि' साठवताना आधी व येतो, मग ऱ्हस्व इकार. पडद्यावर इकार व च्या अलीकडे काढावा लागतो. दोन ठ जोडून एक करावे लागतात. अक्षरांची ही जुळवाजुळव करणारा 'पँगो' हा भाग मार्च २००२ मध्ये आलेल्या जीटीके २ बरोबर आला. मुंबईत इंडलिनक्सची मंडळी याच सुमारास भारतीय भाषांच्या डेस्कटॉपमागे लागली होती, आणि २००४ मध्ये रेड हॅटने लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट दिले. आजूबाजूचे सगळे घर मराठी लिहायला शिकत होते. एक्सएमएमएस जुन्या पेटीतच राहिला.

तो का राहिला? आळस हे उत्तर सोपे, पण खरे नाही. त्याचा दर्शनी भाग बटणाबटणाला, ठिपक्याठिपक्याला विन्ॲम्पच्या मापाने शिवलेला होता. तो नव्या पेटीत हलवणे म्हणजे अर्धे घर पुन्हा बांधणे. पीटर आल्मने २००२ मध्ये सगळे नव्याने लिहायचे ठरवले. एक्सएमएमएस२ असे नाव, वाजवणारा भाग वेगळा आणि दाखवणारा भाग वेगळा अशी हुशार रचना. पण सामान्य माणसाला ती कधी आपली वाटली नाही, कारण त्याचे प्रेम त्या काळ्या पट्टीवर होते. जुन्याची १.२.१० ही आवृत्ती २००४ च्या सुरुवातीला आली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे शांतता. नोव्हेंबर २००७ मध्ये १.२.११, तीच शेवटची.

दरम्यान इतरांनी हक्क बजावला. कोणी तरी कोड उचलून जीटीके २ वर नेला, त्याचे नाव बीप मीडिया प्लेअर. बीपचे लोक नव्या दिशेला वळले तेव्हा २००५ मध्ये विल्यम पिटकॉकने बीपची फांदी काढली, तिचे नाव ऑडेशस. दुसऱ्या बाजूने ऱ्हिदमबॉक्स आणि २००३ मध्ये मार्क क्रेट्शमनने सुरू केलेला अमारोक असे कपाटवाले प्लेअर आले. ते नुसती यादी वाजवत नसत. सगळा संग्रह गायक, अल्बम, वर्ष यांप्रमाणे लावून ठेवत. २००६ ते २००८ या काळात जेंटू, डेबियन, उबुंटू यांनी एकेक करून एक्सएमएमएस आपल्या भांडारातून काढला. कारण एकच : ज्या पेटीवर तो उभा होता तिची डागडुजी करायला कोणी उरले नव्हते. अमारोकचीही कथा फार वेगळी नाही. डिसेंबर २००८ च्या २.० आवृत्तीत सगळे बदलल्यावर जुने लोक रुसले आणि २०१० मध्ये जुन्या रूपावरून क्लेमेंटाइन निघाला. न बदलल्याने एक गेला, बदलल्याने दुसरा.

अण्णा जानेवारी २००४ मध्ये गेले. त्यांना त्यांची नावे पडद्यावर दिसली नाहीत.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सर्वांना आठवते. उल्हास नदीकाठी काय झाले ते कमी लोकांना. मी दुपारी उल्हासनगरला अडकलो. वालधुनीचे पाणी रस्त्यावर होते, गाड्या बंद. बदलापूरला पोहोचलो तो दुसऱ्या दिवशी, बराचसा रुळांवरून चालत. तळमजल्याचे घर छातीइतके भरून गेले होते. संगणक, कॅसेटी, वही, सीड्यांच्या दोन प्रती, सगळे चिखलात. कॅसेटी धुऊन वाळवल्या. टेप एकमेकांना चिकटून पापडासारखी झाली होती. तिसरी प्रत अंबरनाथला दादाकडे दुसऱ्या मजल्यावर होती, म्हणून राहिली.

आईला दादाकडे नेले. चारसहा दिवसांनी ती म्हणाली, "ह्यांचं भजन लाव रे." दादाने ती सीडी टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली. पडद्यावर आले : डिस्क वाचता येत नाही. शेजारच्यांचा प्लेअर आणला, तेच. ओग्ग हा शब्द त्या यंत्रांनी ऐकलेलाच नव्हता. दादा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. तत्त्व माझे होते, थांबावे आईला लागले. आठवडाभराने दुकानातल्या यंत्रावर मी सगळ्याचे एमपी३ केले. एकदा दाबलेले पुन्हा दाबले की आवाज आणखी झिजतो. पेटी आणि गळा टिकला. टाळ मात्र पत्र्यावर वाळू ओतावी तसा वाजू लागला. आईने तो तसाच ऐकला. तिला फरक कळला का, हे मी कधी विचारले नाही.

पुढचे थोडक्यात. २००८ नंतर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही स्टेशनांबाहेर मोबाइलच्या टपऱ्या आल्या आणि मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. प्लेअर निवडणे हा प्रकारच संपला. फोनमध्ये जो असेल तो. मी तोवर दुकान सोडून स्वतःचे दुरुस्तीचे काम सुरू केले होते. २०१२ च्या सुमारास भाच्याच्या अँड्रॉइड फोनची मेमरी साफ करताना रिंगटोनच्या फाइली पाहिल्या, तर त्या ओग्ग. अँड्रॉइड पहिल्यापासून ओग्ग वाजवत होते. अण्णांच्या मूळ फाइली त्या फोनवर टाकल्या, तशाच वाजल्या. एमपी३ चा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये संपला. ज्या पाऊण डॉलरपायी मी एवढा अडून बसलो होतो, तो हिशेबच मिटला.

आणि सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द विन्ॲम्पच्या मालकांनी कोड खुला केल्याची घोषणा केली. मी उत्सुकतेने परवाना वाचला. बदल करा, पण बदललेली प्रत वाटू नका, असा त्याचा पहिला मसुदा. टीका झाली, शब्द बदलले, आणि महिनाभरात तो कोड काढूनही घेतला गेला. शेठ आज असते तर काय म्हणाले असते, याचा अंदाज मला आहे. नक्कल मात्र चालू आहे. एक्सएमएमएसचा कोड बीपमध्ये, बीपचा ऑडेशसमध्ये आला, आणि ऑडेशस अजून नवनव्या आवृत्त्या काढतो आहे. त्याला विन्ॲम्पचे जुने स्किन आजही चढतात आणि झेड, एक्स, सी, व्ही, बी या कळाही त्याच.

त्याच्या सेटिंगमध्ये एक चौकट आहे : ठिपक्यांच्या चित्रातला फाँट वापरा, फक्त इंग्रजी अक्षरांसाठी. ती खूण काढून टाकली की जुन्या काळ्या पट्टीवर मराठी नावे सरकत जातात. अंबरनाथला दादाच्या घरी गेल्या कार्तिकीला मी लॅपटॉपवर तीच पट्टी लावली आणि अण्णांचा ओग्ग वाजवला. पट्टीवर 'श्री विठ्ठल, अंबरनाथ, कार्तिकी १९९१' असे आले. सातव्या मिनिटाला दोन अभंगांच्या मध्ये अण्णांचा आवाज येतो, "अरे, तो पंखा बंद करा कोणीतरी, चिमण्या पेटीत शिरतील." एमपी३ मध्ये हे वाक्य ऐकू येते, पण त्यामागची चिवचिव येत नाही. ओग्गमध्ये येते.